चारचौघांत तू

वुकानला मी सांभाळते असं म्हटलं की त्याला राग येतो, म्हणून आम्ही ‘एकत्र राहतो’ असं म्हणतो. म्हणतो म्हणजे घरात म्हणतो. घराबाहेर आम्ही काहीच म्हणत नाही, कारण घराबाहेर वुकान मला नीट ओळखतही नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर समोरासमोर आलो की टोपीला हात लावून म्हणणार, “नमस्कार मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?” आणि तासाभरापूर्वी हेच ध्यान माझ्या स्वयंपाकघरात चड्डीवर बसून, “सेंका, तू माझे मोजे कुठे टाकलेस?” म्हणून बोंबलत असतं.

याला कारण आहे. वुकानकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, भरपूर शिकलाय तो. विद्यापीठात साहित्य शिकवतो, आणि त्याच्या विभागाचा प्रमुख तेओफिल हा माझा आधीचा नवरा. “एकदा मला पक्की जागा मिळू दे,” वुकान म्हणायचा, “मग तुझा हात धरून दुनाव्स्का रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो की नाही बघ.” पक्की जागा गेल्या वसंतात मिळाली. मग कारण बदललं. लगेच सांगितलं तर लोक म्हणतील, जागेसाठीच थांबला होता. लोक बरोबरच म्हणतील, पण ते राहू दे.

मला काही लग्न नको होतं. एकदा करून बघितलंय. तेओफिल झोपेतही तळटिपा देतो. मला फक्त एक शब्द हवा होता. चारचौघांत, लोकांच्या कानांदेखत, वुकाननं मला ‘तू’ म्हणावं. आमच्याकडे तुम्हीवरून तूवर यायचं तर माणसं रीतसर कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा करतात, इतकं त्याला महत्त्व. माझ्या अंथरुणात घोरणाऱ्या माणसाला तेवढं एक अक्षर लोकांसमोर तोंडातून काढायला जड जात होतं. अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, माझे शब्द शिव्यांत संपलेत.

शब्दांचाच माझा धंदा आहे, म्हणून मला ते जास्त लागतं. मी परदेशी मालिकांची सबटायटलं करते. पडद्याखाली दोन ओळी, त्यापुढे एक अक्षर नाही. नट एका दमात पानभर बोलतो, मी ते दोन ओळींत आटपते. आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. राजालाही तेच, कुत्र्यालाही तेच. आपल्याला तसं भागत नाही. कोण कुणाला तुम्ही म्हणतंय आणि नेमक्या कुठल्या क्षणी तूवर येतंय, हे मलाच ठरवावं लागतं.

‘मिठाचा किल्ला’ नावाची मालिका अशीच माझ्या टेबलावर आली. समुद्रातल्या बेटावर तुरुंग, तिथला कप्तान हॅलम, आणि तिथला एक कैदी, टोव्ह. दोघांचं एकमेकांवर मन बसलंय हे आंधळ्यालाही दिसावं, पण ते उघड दाखवायची मालिका करणाऱ्यांची छाती झाली नाही. मग मी दाखवलं. एका भागात कप्तानाचा हात भाजतो आणि टोव्ह पट्टी बांधतो. “हलू नका,” तो म्हणतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणतो, तेव्हा मी खाली लिहिलं, “हलू नकोस.” मूळ इंग्रजीत दोन्ही वेळा अक्षरशः तेच वाक्य होतं. त्या एका ‘नकोस’वरून आमच्याकडच्या पोरी इंटरनेटवर अजून एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. फार लवकर झालं, छे, अगदी वेळेवर झालं, आणि मुळात कैद्यानं आधी तू म्हणावं की कप्तानानं. ते ‘नकोस’ कुणी लिहिलं हे मात्र एकीनंही विचारलं नाही. सबटायटलं आभाळातून पडतात असं लोकांना वाटतं.

मालिका अर्ध्यावरच बंद पडली. तेव्हा याच पोरींच्या साइटवर मी पुढची गोष्ट लिहायला घेतली. तिथे खऱ्या नावानं कुणी लिहीत नाही. माझं तिथलं नाव कावळी. माझ्या गोष्टीत राज्य उलटतं. टोव्ह सुटतो आणि त्याच बेटाचा नवा कप्तान होऊन येतो, आणि हॅलम आपल्याच जुन्या तुरुंगात कोठडीत जाऊन बसतो. दार लागलं की दोघं एकमेकांना तू म्हणतात, पहारेकरी आले की तुम्ही. हॅलम अजून या घमेंडीत की कुठला शब्द कधी वापरायचा ते आपणच ठरवतो. पण किल्ल्या आता टोव्हच्या कमरेला असतात. हे मला कुठून सुचलं ते विचारू नका. हॅलमला फाशीचा हुकूम आलाय आणि त्यावर टोव्हनं सही करायची आहे, इथे येऊन मी थांबले होते. हजारो लोक माझ्या नावानं खडे फोडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

वुकानला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दिवसभर काहीतरी टाइप करत असते, एवढीच त्याला माझी माहिती. लेखक म्हणजे तो. त्याचा एक पातळ कवितासंग्रह आहे. त्याच्या उरलेल्या सगळ्या प्रती माझ्या पलंगाखाली आहेत, त्यामुळे तिथे झाडू जात नाही.

उन्हाळा संपता संपता त्यानं जाहीर केलं की तो ग्रंथालयात भाषण देणार आहे. विषय, ‘वाचकाचा ऱ्हास’. ऱ्हास कुणामुळे, तर दुसऱ्याची पात्रं उचलून गोष्टी लिहिणाऱ्या या पोरींमुळे.

“काय आहे हे, सेंका,” तो म्हणाला, “दुसऱ्यानं बांधलेल्या घरात फुकट राहायचं, त्याच्याच चुलीवर आपली कॉफी ठेवायची, आणि वर मालक असल्याचा आव आणायचा.”

माझ्या घरात, माझ्या चुलीवर, माझी कॉफी फुंकत तो हे म्हणाला.

“छान वाक्य आहे,” मी म्हटलं. “लिहून ठेव.”

शहाण्यानं खरंच लिहून ठेवलं.

“पण आधी वाचायला नको का त्यातलं काही?”

“चाळीन एखादं. घाण तपासायला घाणीत लोळावं लागत नाही.”

सप्टेंबरात मी आयवारच्या चटणीसाठी लाल मिरच्या आणल्या. गॅलरीत भाजल्या, पातेल्यात झाकून ठेवल्या आणि सोलायचं काम वुकानला देऊन बरण्या आणायला गेले. परत आले तर हे मोरीशी उभे. फोन मिठाच्या डब्याला टेकवलेला, डोळे लाल, नाक गळतंय, आणि मिरच्या जशाच्या तशा.

“काय झालं रे?”

“धूर,” तो म्हणाला. “तू त्या जाळून टाकल्यास सगळ्या. आणि दार लाव ते, माझ्या मानेवर वारा येतोय.”

मी दार लावलं आणि मिरच्या सोलायला बसले. दुपारी साइट उघडली. ‘पाकोळी’ नावाची माझी एक भक्त होती. महिनाभरापासून ही बाई माझ्या प्रत्येक प्रकरणाखाली लांबलचक कॉमेंट टाकायची. कावळीताई, तुम्ही थोर आहात, तुमच्या हातांचं चुंबन घेते, हॅलमला मारू नका, माझ्याकडे दुसरं काही नाही. मी अशा बायकांना दोन ओळींत उत्तर देते आणि पुढे जाते. त्या दिवशी पाकोळीनं लिहिलं होतं, “हे प्रकरण वाचून मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो.”

मी वाचेपर्यंत ते बदललंही. “उभी राहून रडले.”

इंग्रजीत हे खपून गेलं असतं. इंग्रज माणूस आयुष्यभर बाईचं नाव घेऊन रडला तरी त्याच्या क्रियापदाला कळत नाही. आपलं क्रियापद मात्र माणसाला भर रस्त्यात उघडं करतं. हातातली अर्धी सोललेली मिरची मी खाली ठेवली आणि बाहेरच्या खोलीत वाकून बघितलं. वुकान सोफ्यावर पडून मन लावून फोनवर काहीतरी लिहीत होता.

आधी मला हसू आलं. एप्रनला तोंड पुसत मी इतकी हसले की त्यानं तिकडून विचारलं, काय झालं. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की माझ्या हातात काय पडलंय. घरात हा माणूस माझ्या वाक्यातल्या चुका काढतो, आणि तिकडे माझ्या हातांचं चुंबन घ्यायला रांगेत उभा आहे. तिकडे तो मला तुम्ही म्हणतो आणि मी त्याला तू. मी एक शब्द टाकला की तो दिवसभर त्याच्यावर जगतो. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मी पाकोळीला खासगीत लिहिलं. “तू इतकी का रडतेस गं? घरी कोण आहे तुझं?”

उत्तर यायला वेळ लागला नाही. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या स्प्रिंगा करकरल्या आणि माझ्यासमोर ओळी उमटायला लागल्या.

“एक पुरुष आहे,” पाकोळीनं लिहिलं. “घर त्याचं आहे. तो ते बोलून दाखवत नाही, पण मी फ्रिज उघडला की तो वर बघतो. मी बोलायला लागले की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, तो माझं बोलणं मनात छाटतोय, यातल्या दोनच ओळी कामाच्या आहेत असं त्याला वाटतंय. बाहेर लोक मला विदुषी म्हणतात, घरी मी पाहुणी. त्याला माझी कीव येते, कावळीताई. एखाद्याची कीव करत त्याच्यावर प्रेम करता येतं का?”

मी ते दोनदा वाचलं. तो पुरुष म्हणजे मी. हे गाढव बाई झालं होतं आणि मला त्यानं नवरा करून टाकलं होतं. आणि खोटं काही नव्हतं त्यात, तोच खरा संताप. मी वर बघते. मी छाटते. पंधरा वर्षं तेच काम केल्यावर माणूस बोलायला लागला की माझी कात्री आपोआप चालते. मला खरोखर वाईट वाटलं. उठून बाहेर जावं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असंही मनात आलं. एक पाऊल टाकलंही असतं, पण तेवढ्यात पुढची ओळ आली.

“आणि सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. चारचौघांत तो मला तुम्ही म्हणतो. घरात तू, बाहेर तुम्ही. माझी लाज वाटते त्याला.”

हात ठेवायचं राहिलं. माणसं पाकीट मारतात, छत्र्या ढापतात, दुसऱ्याच्या कविता आपल्या म्हणून छापतात, हे सगळं मी तेओफिलच्या विभागात बघितलंय. पण ज्याच्यावर आपण पाय दिलाय त्याचंच कळवळणं चोरून ते आपलं म्हणून तिसरीला विकायचं, याला वुकानच लागतो. माझं दुःख त्यानं अंगात घातलं होतं आणि आरशात बघून स्वतःच गहिवरला होता.

मी लिहिलं, “मग तूच आधी म्हण.”

“म्हणजे?”

“चारचौघांत. पुढच्या वेळी लोकांसमोर भेटाल तेव्हा तू त्याला तू म्हण. ज्यांच्यासमोर सगळ्यात जास्त भीती वाटते त्यांच्यासमोर म्हण. म्हटलंस तर मी हॅलमला जगवीन.”

स्प्रिंगा थांबल्या. मग पुन्हा करकरल्या. “तो ओळख दाखवणार नाही. अपमान करेल माझा.”

“करू दे की. निदान कळेल तरी.”

“पण हॅलम नक्की जगेल ना?”

“कावळीचा शब्द आहे.”

मला माहीत होतं मी काय करतेय. खोट्या नावानं, खोट्या आमिषानं, पण मला माझा शब्द मिळणार होता. एकदा त्याच्या तोंडातून तो बाहेर पडला की परत आत ढकलता येणार नव्हता, मग दुनाव्स्का रस्त्यावर हात धरो न धरो. यात मला कमीपणा वाटायला हवा होता. नाही वाटला. इतकी वर्षं भल्या मार्गानं थांबून बघितलं होतं मी.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी सहाला, ग्रंथालयाच्या दालनात वुकानचं भाषण झालं. समोर नेहमीच्या म्हाताऱ्या, ज्या ऊब मिळते म्हणून कुठल्याही विषयाला येतात. मागे हजेरीसाठी हाकून आणलेले विद्यार्थी. अध्यक्षाच्या खुर्चीत तेओफिल, पोटावर हात बांधून. भाषण व्हायचं तसंच झालं. फुकट राहणारे भाडेकरू आले, दुसऱ्याची चूल आली, ऱ्हास तर दर दोन मिनिटांनी येत होता. वुकान सुरेख बोलतो, हे मान्य करायला हवं. स्वतः जे चोरून चाटतो त्याच्यावर थुंकताना त्याचा आवाज खासच लागतो. तेओफिल मान डोलवत होता. एका म्हातारीनं किफ्ल्यांचं, म्हणजे छोट्या चंद्रकोरी पावांचं ताट स्वतःच्या मांडीवरच घेतलं होतं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले. तेओफिलनं चष्म्यावरून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्याला वाटलं मी त्याला छळायला आलेय. ही त्याची जुनीच समजूत, जगात जे काही होतं ते त्याच्यासाठी होतं.

“मला एवढंच विचारायचंय,” मी म्हटलं, “की ज्याला तुम्ही इतक्या शिव्या दिल्यात, त्यातलं तुम्ही काही वाचलंय का?”

वुकाननं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्याचा एक हात खिशात गेला, जिथे फोन असतो. त्यानं तेओफिलकडे बघितलं, मग छताकडे. मग गळा खाकरला.

“सेंका,” तो म्हणाला, “मी काय वाचतो ते तुला माहीत आहे. आपण एका घरात राहतो. तू रोज बघतेस.”

मागची पोरं सावरून बसली. तेओफिलनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घालायचं विसरला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तुला. तू. लोकांसमोर, तेओफिलसमोर, माइकवरून. त्यानं हे कशासाठी केलंय हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरीही मला ते पुन्हा ऐकायचं होतं. मी खुर्चीची पाठ धरली. त्या वेळी तो माझ्याकडे नुसता बघून हसला असता ना, तरी मी सगळं विसरले असते. कावळी, पाकोळी, सगळं. आयुष्यभर त्याच्या मिरच्या सोलल्या असत्या.

पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. कविता म्हणून दाखवल्यावर पोर बक्षीस कुठून येतंय ते शोधतं, तसा तो माझ्या डोक्यावरून हवेत कुठेतरी बघत होता, आणि खिशातला हात फोनवर होता. त्याला घरी कधी जातो आणि कावळीला कधी सांगतो असं झालं होतं. मला त्यानं तू म्हटलं ते एखाद्यानं कुलपात किल्ली फिरवावी तसं. दार उघडलं का ते बघायचं, कुलपाकडे कोण बघतं.

“माफ करा, सर,” मी म्हटलं. “तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. तुम्ही कुठे राहता ते मला माहीत नाही. माझ्या घरात तर कुणी मोठा माणूस राहत नाही.”

आधी एक पोरगी हसली, मग सगळे. किफ्लीवाली म्हातारी शेजारणीला विचारत होती, काय म्हणाली ती, काय म्हणाली. वुकानचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तेओफिलनं घाईघाईनं आभार मानायला सुरुवात केली. मी कोट घेतला आणि बाहेर पडले.

तो घरी आला तो दार आपटतच.

“तुला कळतंय का तू काय केलंस? इतकी वर्षं तू हेच मागत होतीस. मी मान दिली कापायला, तेओफिलसमोर, आणि तू मला ओळखत नाहीस म्हणून सांगितलंस. मी तुझ्यासाठी केलं ते.”

“कुणासाठी?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी,” तो म्हणाला, पण हळू, आणि सोफ्यावर उशी फेकून तिकडेच तोंड करून पडला.

मी स्वयंपाकघरात साइट उघडली. मला वाटलं होतं, पाकोळी रडेल. कावळीताई, मी माझ्या माणसाला गमावलं, असं काहीतरी लिहील. तेवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं मला. पाकोळीनं लिहिलं होतं, “मी त्याला तू म्हटलं. कबूल केल्याप्रमाणे. त्यानं सगळ्यांसमोर मला झिडकारलं. ते असो. आता हॅलमचं काय?”

ते असो. मी, माझं घर, आमची इतकी वर्षं, सगळं त्या दोन शब्दांत बसलं होतं. छाटायचं कसब मी त्याला शिकवलं होतं म्हणायचं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी शेवटचं प्रकरण लिहिलं. शब्द दिला होता, पाळला. टोव्ह हुकूम फाडून टाकतो आणि हॅलमला धक्क्यावर आणतो. सगळे पहारेकरी उभे असतात. हॅलमच्या पायात बेड्या नाहीत, समोर बोट आहे, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा लोकांदेखत म्हणतो, “टोव्ह, तू चल माझ्याबरोबर.” टोव्ह त्याच्याकडे बघतो. हा माणूस आपल्याला नाही, सुटकेला तू म्हणतोय, हे त्याला दिसतं. “वारा चांगला आहे,” टोव्ह म्हणतो. “तुम्ही निघा.” बोट सुटते. हॅलम जगतो.

सगळ्यात शेवटी साइट नाव विचारते. मी कावळी खोडलं आणि माझं नाव लिहिलं, आडनावासकट, सेंका रादानोव्ह. खाली एक ओळ टाकली, की मालिकेत ‘हलू नकोस’ लिहिणारीही मीच. बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत त्याच्या फोननं टिंग केलं.

मी भांडी घासायला घेतली. स्प्रिंगा वाजल्या. मग त्याचा आवाज आला, स्वतःशीच, ओला झालेला. “जगला. देवा, जगला.” मी नळ बारीक केला. तो आता शेवटच्या ओळींपर्यंत आला असेल. आता नावापर्यंत.

मला वाटलं होतं तो ओरडेल. फसवलंस म्हणेल, ताटं फोडेल, निदान ती पलंगाखालची पुस्तकं बाहेर ओढून निघून जाईल. त्यातलं काहीही केलं असतं तरी मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर कदाचित त्यातून काही उरलंही असतं.

तो दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. इतकी वर्षं हा माणूस सरळ आत येतो, फ्रिज उघडतो आणि मग विचारतो जेवायला काय आहे. आज उंबऱ्याबाहेर उभा होता, शर्टाचं वरचं बटण लावून. फोन दोन्ही हातांत धरला होता.

“तुम्ही?” तो म्हणाला. “हे तुम्ही लिहिलंत?”

तो टोमणा नव्हता. तसं असतं तर मला कळलं असतं. आपण काय म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी थोडी थांबले, तो सुधारेल म्हणून. पाकोळी असताना किती पटकन सुधारलं होतं त्यानं. नाही सुधारलं.

“मी आत येऊ का?” त्यानं विचारलं. “दोन मिनिटं. मला तुम्हाला टोव्हबद्दल विचारायचं होतं.”

मी हात पुसले. याला मी आळशी म्हटलं, भित्रा म्हटलं, मनात रोज उभा-आडवा सोलला, पण तो माझा होता आणि त्याला शिव्या घालायचा हक्कही माझा होता. आता समोर एक वाचक उभा होता. त्याचे मोजे कुठे आहेत हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला त्याला ‘तू’ म्हणायचं होतं, ‘वुकान, आत ये, मूर्खासारखा उभा राहू नकोस.’ जिभेवर येईना.

“बसा,” मी म्हटलं, आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.